विधायकाकडे जाताना प्रश्न घेऊन जा

भिलाईतलं नेहरू नगर पूर्व असो की पश्चिम, आपल्या गल्लीत विधायक, म्हणजे आमदार, आले की लोक काय मागतात ते सगळ्यांना पाठ आहे. कोपऱ्यावरची नाली तुंबली आहे. खांबावरचा दिवा लागत नाही. मुलाच्या प्रवेशासाठी एक चिठ्ठी हवी. नातीचं लग्न आहे, दहा मिनिटं तरी येऊन जा. बागेत व्यायामाची यंत्रं बसवून द्या. विधायक ऐकून घेतात, सोबतचा कार्यकर्ता वहीत टिपून घेतो, फोटो होतात आणि गाडी पुढच्या गल्लीत जाते. नाली कधी साफ होते, कधी होत नाही. पाच वर्षांनी आपण त्या नालीकडे बघून मत ठरवतो.

माझी विनंती साधी आहे. विधायकाकडे जाताना विधानसभेत विचारता येईल असा एक प्रश्न कागदावर लिहून न्या. तो विचारला गेला का, त्याला उत्तर काय आलं, हे नंतर जाऊन मागा. आलेली उत्तरं जपून ठेवा आणि मत देण्याआधी काढून वाचा. बाकीच्या कामांसाठी दुसरी दारं आहेत आणि ती विधायकाच्या बंगल्यापेक्षा जवळ आहेत.

भिलाईत कुठलं दार कोणाचं हे कळणं मुळातच अवघड आहे. सेक्टरमधले रस्ते, क्वार्टर आणि पाणी भिलाई पोलाद कारखान्याच्या नगर सेवा विभागाकडे. कारखाना सेल या कंपनीचा, आणि सेल केंद्र सरकारची. जी. ई. रोड हा राष्ट्रीय महामार्ग. नेहरू नगर, सुपेला, वैशाली नगर हा भाग नगर निगमाचा. इथली नाली, कचरा आणि रस्त्यावरचा दिवा नगरसेवकाचं आणि झोन कार्यालयाचं काम आहे. तक्रार तिथे लेखी द्या, पोचपावती घ्या, आठवड्याने परत जा. घरात वीज नाही तर वीज वितरण कंपनीकडे. सेक्टरमधल्या क्वार्टरचं छप्पर गळतं म्हणून विधायकांकडे गेलात, तर ते कारखान्याच्या अधिकाऱ्याला फोन करतील, याहून जास्त त्यांच्या हातात फारसं काही नाही. राज्यातली पोलीस व्यवस्था, शाळा, सरकारी दवाखाने, जमिनीचे कायदे, नगर निगमाचे अधिकार ठरवणारा कायदा, रेशन, राज्याचे कर आणि राज्याचा अर्थसंकल्प हे मात्र त्यांच्या हातात आहे. नगरसेवकाला यातल्या एकाही गोष्टीला हात लावता येत नाही.

हा गोंधळ लोकांच्या अज्ञानामुळे होतो असं मला वाटत नाही. आपल्याकडे माणूस ज्या वाटेने आमदार होतो, त्या वाटेतच गोंधळाचं मूळ आहे. वैशाली नगर हा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत झाला. पहिल्या आमदार सरोज पांडे. त्या तेव्हा दुर्गच्या महापौर होत्या, आणि २००९ मध्ये दुर्गच्या खासदारही झाल्या. विधानसभेची जागा सोडावी लागली, पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे भजनसिंग निरंकारी निवडून आले. २०१३ आणि २०१८ मध्ये विद्यारतन भसीन आले. ते त्याआधी भिलाईचे महापौर होते. २०२३ मध्ये, आमदार असतानाच त्यांचं निधन झालं. त्यानंतर आलेले रिकेश सेन हे वर्षानुवर्षं नगरसेवक होते. पलीकडे भिलाई नगर मतदारसंघात देवेंद्र यादव आधी महापौर झाले, मग २०१८ मध्ये आमदार. पक्ष कुठलाही घ्या, शिडी तीच आहे: वॉर्ड, निगम, विधानसभा.

या शिडीत वाईट काही नाही. ज्याला वॉर्डातल्या नळाची वेळ माहीत आहे त्याला राज्याच्या पाणीपुरवठ्यावर बोलण्याचा हक्क जास्तच आहे. पण अडचण अशी होते की माणूस वर चढतो आणि आपण त्याला खालच्याच पायरीवर धरून ठेवतो. तो रायपूरला जाऊन आला तरी आपण विचारतो, नालीचं काय झालं? मग तोही तेच करू लागतो, कारण मत त्यावर मिळतं. सभागृहात त्याने काय विचारलं हे कोणी विचारत नसेल, तर रात्री जागून जमीन महसूल संहितेची दुरुस्ती वाचण्याचं त्याला कारण उरत नाही.

सभागृहाच्या कामाला किती वजन असतं, ते पाहायला शेजारच्या दुर्गकडे बघा. घनश्यामसिंह गुप्त हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? १८८५ साली जन्मलेले हे दुर्गचे गृहस्थ १९३७ पासून १९५२ पर्यंत मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेचे अध्यक्ष होते. ती विधानसभा नागपुरात भरत असे. दुर्ग, रायपूर, बिलासपूर, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, सगळ्यांचे प्रतिनिधी एका छताखाली बसत. हिंदी आणि मराठी मुलखाच्या त्या सभागृहाच्या खुर्चीवर सलग पंधरा वर्षं दुर्गचा माणूस होता. डॉ. ना. भा. खरे यांचं मंत्रिमंडळ १९३८ मध्ये पडलं, रविशंकर शुक्ल आले, युद्धाच्या काळात काँग्रेसचं सरकार गेलं, पुन्हा आलं, स्वातंत्र्य आलं. खुर्चीवर गुप्तच. ते संविधान सभेचेही सदस्य होते, आणि संविधानाचा हिंदी अनुवाद ज्या समितीने केला तिचे ते अध्यक्ष होते. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी इंग्रजी प्रतीबरोबर हिंदी प्रतीवरही सह्या केल्या.

भिलाईतल्या मराठी माणसाला हा इतिहास आपला वाटला पाहिजे. आपल्यातल्या पुष्कळ घरांचे वाडवडील नागपूर, भंडारा, अमरावतीकडून कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आले. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि तेव्हा या मुलखाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, दुर्ग भोपाळच्या मध्यप्रदेशात राहिलं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं. म्हणजे आजोबा त्याच राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आले होते. आपण इथे पाहुणे आहोत, इथल्या विधानसभेशी आपला काय संबंध, असं आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत अजूनही कधी कधी ऐकू येतं. ते मनातून काढून टाका. मत इथे आहे, घर इथे आहे, पोरं इथे शिकली. प्रश्नही इथेच विचारायचा.

छत्तीसगडची विधानसभा नव्वद सदस्यांची. पहिलं अधिवेशन १४ डिसेंबर २००० रोजी रायपूरच्या राजकुमार कॉलेजच्या आवारात तंबूत भरलं, कारण इमारतच नव्हती. १ नोव्हेंबर २०२५ ला नवा रायपूरमधल्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. या सभागृहाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. गोंधळ घालत सदस्य अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरला, की तो आपोआप निलंबित होतो. त्यासाठी वेगळा ठराव लागत नाही. देशभर सभागृहं दिवसच्या दिवस गोंधळात वाहून जात असताना आपल्या छोट्या राज्याने हा नियम स्वतःवर लावून घेतला. भिलाई नगरचे प्रेमप्रकाश पांडे २००३ ते २००८ या सभागृहाचे अध्यक्ष होते. अशा सभागृहात आपला माणूस पाठवतो आहोत, तर तिथे त्याने बोलावं ही अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

आमदार सभागृहात काय करू शकतो याचा सर्वांत मोठा दाखला मराठी मुलखातच आहे. वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरशी नातं असलेला हा माणूस १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचा सभापती होता. दुष्काळी गावात मजुराच्या हाताला काम नसतं, आणि त्याच गावात बांध घालायचे, तळी खोदायची, रस्ते करायचे पडून असतात. मग काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्यच का ठरवू नये? पाग्यांनी हा विचार मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडला. १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या तोंडावर योजना राज्यभर गेली. १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, आणि त्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम मिळू लागलं. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय रोजगार हमी कायदा झाला, तो या अनुभवावर उभा राहिला. एका विधिमंडळातल्या एका सदस्याच्या मनातली गोष्ट देशाचा कायदा झाली.

इथल्या मातीतलाही दाखला आहे. डिसेंबर २०१२ मध्ये छत्तीसगड विधानसभेने स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला. दिल्लीतला कायदा त्यानंतर, २०१३ मध्ये आला. इथल्या कायद्यात गरीब कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्य देण्याची तरतूद होती आणि रेशनकार्ड घरातल्या बाईच्या नावाने होतं. तुमच्याकडे भांडी घासायला, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना विचारा, महिन्याचं त्यांचं गणित या कार्डावर किती उभं असतं. कॅम्प किंवा खुर्सीपारच्या एकाही नगरसेवकाला हे करता आलं नसतं. ते सभागृहातच झालं.

आता सांगोल्याचे गणपतराव देशमुख. यांच्याविषयी थोडं सावकाश लिहितो, कारण आमदाराचं आयुष्य कसं असावं हे कोणी विचारलं तर मी त्यांच्याकडे बोट दाखवतो.

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. गणपतराव शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, २०१४ मध्ये शेवटचे, एकूण अकरा वेळा. मतदारसंघ एकच, पक्ष एकच. मंत्रीही झाले, १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये, पण त्यांची जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकावर गेली. १९७२ मध्ये हरले. १९७४ ला पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी हरले, पुन्हा चार वर्षांनी जिंकले. एसटीने फिरत. एसटीच्या गाडीत आमदारासाठी राखीव जागा असते. आज त्या जागेवर बसलेला आमदार दिसणं मुश्कील आहे, गणपतराव तिथे बसून गेले.

पण एसटीतला प्रवास सांगून लोक थांबतात, आणि मला ते अपुरं वाटतं. साधं राहणारा माणूस भला असेल, तेवढ्याने तो चांगला आमदार ठरत नाही. गणपतराव अधिवेशनाला पूर्ण वेळ बसत. प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरची चर्चा, विधेयकावरची दुरुस्ती, हे त्यांचं रोजचं काम. पाण्याचा प्रश्न त्यांनी सांगोल्यापुरता ठेवला नाही. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी दुष्काळी तालुक्यांना कृष्णेच्या पाण्यातला वाटा मिळावा म्हणून ती चालवली. टेंभू आणि म्हैसाळच्या योजना पुढे सरकायला वर्षानुवर्षं लागली, आणि त्या वर्षांत सभागृहात हा विषय कोणी विसरणार नाही याची काळजी या माणसाने घेतली. रोजगार हमीला १९९० मध्ये फळबागांची जोड मिळाली, आणि सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब उभं राहिलं. पाग्यांनी मांडलेल्या विचाराला सांगोल्यात फळ धरलं, असं म्हणायला हरकत नाही.

३० जुलै २०२१ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, गणपतराव गेले. पन्नासहून जास्त वर्षं त्यांना सांगोल्याने निवडून दिलं. पण सांगोल्याच्या लोकांनी स्वतः काय केलं, हे विचारायला आपण विसरतो. त्यांनी गणपतरावांना अधिवेशन सोडून लग्नाला या असं म्हटलं नाही. मुंबईत अधिवेशन आहे म्हणून साहेब गावात नाहीत, हे तिथल्या लोकांना समजत होतं आणि चालत होतं. असा आमदार घडायला असे मतदार लागतात. आपल्याला ते होता येईल का, एवढाच प्रश्न आहे.

लग्नाचं थोडं बोलतो, कारण हा विषय नाजूक आहे. मुहूर्ताच्या दिवसांत एका आमदाराला एका संध्याकाळी किती पत्रिका असतात हे त्यांच्या स्वीय सहायकाला विचारून पाहा. प्रत्येक ठिकाणी आहेर, प्रत्येक ठिकाणी फोटो. त्याशिवाय मयत, भागवत सप्ताह, गणपती, दुर्गापूजा, छठ, गुरुपरब, क्रिकेटच्या स्पर्धेचं बक्षीस. भिलाई हे सगळ्या भारताचं गाव असल्यामुळे इथे सण जास्त आहेत. हा पैसा कुठून येतो? आमदाराच्या पगारात तो बसत नाही. मग तो दुसरीकडून येतो, आणि जो देतो तो नंतर परत मागतो. आपण ‘दहा मिनिटं येऊन जा’ म्हणतो तेव्हा या चक्राला हात लावतो. आपल्या घरच्या कार्याला विधायक आले नाहीत तर राग धरू नका. अधिवेशन चालू असताना तर बोलावूच नका. आणि आलेच नाहीत तर दहा लोकांना कौतुकाने सांगा, सभागृहात होते म्हणून आले नाहीत.

निधीचंही असंच. छत्तीसगडात आमदाराच्या स्थानिक विकास निधीची रक्कम वर्षाला चार कोटी आहे. वैशाली नगरात मतदार दोन लाखांहून जास्त. भागाकार करा, माणशी दोनशे रुपयेही येत नाहीत. २०२५–२६ चा राज्याचा अर्थसंकल्प एक लाख पासष्ट हजार कोटींचा होता. त्यातल्या प्रत्येक खात्याच्या मागणीवर बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार आपल्या आमदाराला आहे. बागेतल्या यंत्रांवर त्यांच्या नावाची पाटी लागते म्हणून आपल्याला ते चार कोटी दिसतात. त्या एक लाख पासष्ट हजार कोटींवर पाटी नसते. तरीही विचारायचं त्याच्याबद्दलच.

आता प्रश्न कसा लिहायचा. हे कठीण नाही. बँकेला अर्ज लिहिता येणाऱ्या कोणालाही जमेल.

नेहरू नगरातला खरा विषय घेऊ. भिलाईचं नगर निगम १९९८ चं. त्याआधी इथे साडा होतं, म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण. त्या काळात आखलेले भूखंड लीजवर दिले गेले. लीजचं नूतनीकरण, वारसाचं नाव लावणं, विक्रीची परवानगी, फ्रीहोल्ड, या कामांसाठी माणसं कार्यालयांत हेलपाटे घालतात. आता बहुतेक लोक विधायकांना काय लिहितात? ‘महोदय, आमच्या कॉलनीतील नागरिक लीजच्या प्रश्नाने त्रस्त आहेत, तरी आपण लक्ष घालावे ही नम्र विनंती.’ खाली चाळीस सह्या. या कागदाचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही, म्हणून तो फायलीत जातो.

त्याऐवजी असं लिहा, आणि इथे हिंदीत लिहा, कारण सभागृहाचं काम हिंदीत चालतं. अर्थ असा: नगर निगम भिलाईच्या हद्दीतील साडाकालीन लीज भूखंड फ्रीहोल्ड करण्यासाठी गेल्या तीन आर्थिक वर्षांत किती अर्ज आले? त्यांपैकी किती मंजूर, किती नामंजूर, किती प्रलंबित? सहा महिन्यांहून जास्त काळ प्रलंबित असलेल्यांची कारणं कोणती? त्यासाठी कुठल्या अधिकाऱ्याच्या स्तरावर निर्णय व्हायचा आहे? बस. चार ओळी. मागे एखाद्या अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स लावा. कोणावर आरोप नाही, भाषण नाही. आकडा मागायचा, तारीख मागायची, जबाबदार पद मागायचं. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं तेव्हा खालचं कार्यालय आकडे गोळा करायला लागतं, आणि आकडे गोळा करताना कित्येक फायली टेबलावरून हलतात. उत्तर समाधानकारक नसलं तरी ते छापील येतं, कायमचं राहतं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न विचारला की दोन आकडे शेजारी ठेवता येतात.

तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर असतं आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. तातडीच्या विषयासाठी जी सूचना देतात तिला इथे ध्यानाकर्षण म्हणतात, महाराष्ट्रात लक्षवेधी. यातलं काय लावायचं ते विधायक ठरवतील. तुमचं काम चार नेमक्या ओळींचं.

सत्ताधारी पक्षाचा आमदार सरकारला प्रश्न कसा विचारेल, अशी शंका नेहमी येते. विचारतात, रोज विचारतात. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला, तेव्हापासून मतदानात पक्षाचा व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. प्रश्न विचारण्याला मात्र व्हिप लागू नसतो. विधेयकावर तो पक्षाच्या रांगेत उभा असतो, प्रश्नोत्तराच्या तासात तो आपला असतो. म्हणून तिथेच त्याच्या हातात कागद द्यायचा.

आपला आमदार मंत्री किंवा अध्यक्ष झाला तर? मंत्री उत्तर देतो, प्रश्न विचारत नाही. अध्यक्षही विचारत नाहीत. मतदारसंघ खूश असतो, फटाके वाजतात, पण प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्यापुरता कमी झालेला असतो. अशा वेळी दुसऱ्या सदस्याकडे जा. भिलाईचा प्रश्न भिलाईच्याच आमदाराने विचारावा असा नियम नाही. दुर्ग ग्रामीणचे, पाटणचे, अगदी बस्तरचे सदस्यही विचारू शकतात. विरोधी पक्षाचे तर आनंदाने विचारतील. यात आपल्या विधायकाचा अपमान नाही. त्यांना आधी सांगून जा.

मंडळांना माझं वेगळं सांगणं आहे. गणेशोत्सवात विधायकांना आरतीला बोलावता, शाल-श्रीफळ देता, छान आहे. त्याच संध्याकाळी अर्धा तास खुर्चीवर बसवा आणि विचारा, गेल्या अधिवेशनात आपण किती प्रश्न लावले, त्यातले कुठले आपल्याला महत्त्वाचे वाटतात, कुठल्या समितीवर आहात, तिथे काय काम चाललं आहे. सौजन्याने विचारा. पहिल्या वर्षी त्यांची तयारी नसेल. दुसऱ्या वर्षी ते कागद घेऊन येतील. दहावी-बारावीच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवा, त्यांनाही विचारू द्या. ‘आपल्या मराठी माणसाला तिकीट मिळालं पाहिजे’ ही मागणी मंडळात दर निवडणुकीला निघते आणि विरते. तिकिटाची वाट बघण्यापेक्षा आपल्यातल्या दोघा-चौघांनी सभागृहाचं कामकाज वाचायची सवय लावून घेतली, तर उद्या त्यातलाच कोणी वॉर्डातून उभा राहील. आमदार व्हायला वय पंचवीस पुरतं. तयारीला त्याहून लवकर सुरुवात हवी.

विधायक कामाचे नाहीत असं ठरवून मोकळं होणाऱ्यांनाही दोन शब्द. भिलाई नगरचा इतिहास बघा: १९९०, १९९३ प्रेमप्रकाश पांडे, १९९८ बदरुद्दीन कुरेशी, २००३ पुन्हा पांडे, २००८ पुन्हा कुरेशी, २०१३ पुन्हा पांडे. या शहराचे लोक हात न थरथरता माणूस बदलतात. २०२३ मध्ये तिथला निकाल तेराशेपेक्षा कमी मतांनी लागला. म्हणजे एका मोठ्या कॉलनीने ठरवलं तर निकाल फिरतो. इतकी ताकद हातात असताना ती एका नालीच्या बदल्यात देऊ नका. आमदारकी हे खडतर काम आहे, हरला की पाच वर्षं घरी बसावं लागतं, कार्यकर्ते दुसरीकडे जातात, फोन बंद होतात. अशा माणसाने चांगलं काम केलं की तुम्ही त्याला दाद द्या. त्याचा प्रश्न गाजला तर पत्र पाठवा, वर्तमानपत्राला लिहा. टीका करायला आपण तयार असतो, कौतुकाचं पत्र मात्र कोणी लिहीत नाही, आणि चांगल्या आमदाराला त्याचीच भूक असते.

अधिवेशनं साधारण तीन असतात. अर्थसंकल्पाचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळी जुलैच्या आसपास, हिवाळी डिसेंबरमध्ये. तारखा जाहीर झाल्या की प्रश्न देण्याची मुदत लगेच सुरू होते आणि लवकर संपते, म्हणून कागद महिनाभर आधी तयार ठेवा. मतदार ओळखपत्र काढून आपला मतदारसंघ वैशाली नगर आहे की भिलाई नगर ते एकदा बघून घ्या, शेजारच्या गल्लीचा वेगळा असू शकतो. कागदाच्या दोन प्रती करा. एक विधायकांच्या कार्यालयात द्या, दुसरीवर तारीख आणि सही घ्या. अधिवेशन संपल्यावर पंधरा दिवसांनी ती दुसरी प्रत घेऊन परत जा आणि उत्तराची नक्कल मागा. सकाळी दहाच्या आत गेलात तर भेट होण्याची शक्यता जास्त.